बोरमाळेत सोने किती, लाख किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारंपरिक दागिन्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. बोरमाळ, जवमाळ, जोंधळी पोत, बकुळीहार, चाफेकळी ही सगळी नावे शेताबांधावरून आली, हे खरेच. पण बोरमाळेच्या, म्हणजे बोराएवढ्या मण्यांच्या माळेच्या, पोटातल्या लाखेचा (किड्यापासून मिळणाऱ्या राळेचा) लेखात उल्लेखही नाही आणि गिऱ्हाईक फसते ते तिथेच.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याचा पातळ पत्रा ठशात ठोकून अर्ध्या मण्याच्या दोन वाट्या काढतात, त्या झाळून (तापवून धातूचा सांधा देऊन) जोडतात आणि मग भोकातून लाख व विटेच्या पुडीचे भरण आत घालतात. (लाखेचा किडा पळस आणि कुसुमाप्रमाणे बोरीवरही पोसतो. म्हणजे बोरमाळेत बाहेर बोर, आतही बोरच!) भरण नसेल तर इतका पातळ पत्रा बोटाच्या दाबानेही चेपतो. तेव्हा लाख भरणे ही लबाडी नव्हे. लबाडी होते ती तराजूवर.

हिशेब करून पाहा. मणी ८ मिमी व्यासाचा, पत्रा ०.१ मिमी जाडीचा. यात २२ कॅरेटचे सोने साधारण ३५० मिलिग्रॅम बसते. आत नुसती लाख धरली तरी ३०० मिलिग्रॅम होते, विटेची पूड मिसळली की त्याहून जड. ५० मण्यांच्या माळेत सोने साडेसतरा ग्रॅम आणि भरण किमान पंधरा! एकूण वजनाला सोन्याचा भाव लावला, तर जवळपास निम्मे पैसे लाखेचे मोजले. हे कळते पुढे माळ मोडीत घालताना. मुशीत (सोने वितळवण्याच्या भांड्यात) लाख जळून जाते आणि 'घट फार आली' एवढेच ऐकायला मिळते.

हॉलमार्कचा इथे अर्धाच उपयोग. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने. पोटात भरण किती, हे तो शिक्का सांगत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो, तो तपासावाच. पण हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर सोन्याचे निव्वळ वजनही लिहावे लागते. ते मागून घ्या. माळ घडवून घेत असाल तर पोकळ मणी लाख भरण्याआधी समोर तोलून घ्या. एकदा भरल्यावर नक्की आकडा मणी वितळवल्याशिवाय मिळत नाही.

दुसरी गफलत दुरुस्तीत होते. लाख ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते. भरलेल्या मण्याला झाळ द्यायला ज्योत लावली की लाख उकळते, आतली वाफ कोंडते आणि सांधा फुटतो. म्हणून झाळकाम आधी, भरण नंतर. हा क्रम उलटा चालत नाही. गरम पाण्याच्या यंत्रात धुणेही टाळावे. स्पिरिट आणि धुण्याचा सोडा दोन्हींत लाख विरघळते, त्यामुळे स्पिरिट असलेल्या अत्तराचा फवारा आधी मारून मग माळ घालावी. मणी हलवल्यावर खुळखुळला तर आतले भरण सुटले आहे असे समजा. तो लवकरच चेपणार. असा मणी बदलून माळ पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावी.

आपले,
घडणावळीतले काही कारागीर, कोल्हापूर