नेच्याच्या पानामागचे ठिपके

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या झाडांविषयी वाचकांचे जे प्रश्न आपण छापता, त्यांत एक फिरून फिरून येतो: फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आलेत, कोणते औषध मारू? याच धास्तीने माझ्या एका मैत्रिणीने धडधाकट झाडाची पाने छाटून टाकली. म्हणून हे पत्र.

हे ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंज. नेच्याला, म्हणजेच फर्नला, ना फूल, ना बी. त्याचा वंश मुख्यतः या बीजाणूंवर चालतो. पान उलटे करून उजेडात धरा. ठिपके ओळीत, प्रत्येक पर्णिकेवर एकाच ठेवणीने दिसले तर निर्धास्त राहा. खवले कीडही अशाच ठिपक्यांसारखी दिसते, पण ती कशीही विखुरते, देठावरही चढते, नखाने खरवडली की निघते आणि बऱ्याचदा पान चिकट करते. हंसराजात पुंज पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात, बर्ड्‌स नेस्ट फर्नमध्ये तिरप्या रेघांत.

या बीजाणूंपासून घरी नवी रोपेही करता येतात. ठिपके गडद झाले की पान कापून कोऱ्या कागदावर ठेवावे. एकदोन दिवसांत बारीक पूड उतरते. डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेऊन त्यावर उकळते पाणी ओतून ते निवू द्यावे, वर पूड विरळ भुरभुरावी आणि मातीने मुळीच झाकू नये, कारण रुजायला उजेड लागतो. डब्याला पारदर्शक झाकण हवे, पण थेट ऊन नको. काही आठवड्यांनी हिरवट थर धरतो. शेवाळ समजून तो कृपया फेकू नका! भिंगातून पाहा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे इवले पापुद्रे दिसतील. नर आणि मादी पेशी यांच्यावरच तयार होतात, आणि नरपेशी पाण्यातून पोहत गेल्याशिवाय फलन होत नाही. म्हणून या टप्प्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा मारत राहावे. पुढे त्या पापुद्र्यातून पहिले पान डोके वर काढते. घरात इतके विलक्षण काही पाहायला मिळावे, आणि आपण ते औषध मारून घालवावे, याचे मला खरेच वाईट वाटते.

बॉस्टन फर्नसाठी मात्र हा खटाटोप करू नये. त्याचे बीजाणू सहसा रुजत नाहीत. त्याला लांब, पानांविना दोरे फुटतात. ते शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवून ठेवले की तिथे रोप धरते.

आपल्या तज्ज्ञांना एकच विनंती: असा प्रश्न आला की औषध सुचवण्याआधी पानाच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागवावा.

आपली,
एक नियमित वाचक