रविवारी राणीच्या बागेत: पाणघोडा

मंडळी, येत्या रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेत पाणघोड्यापुढे बसून त्याचं छोटं शिल्प घडवायचं आहे, ते पुढे ब्राँझमध्ये ओतलं जाईल. दार उघडायच्या आधी तिकीट खिडकीपाशी जमा. ‘मी बुधवारी जाऊन करेन’ म्हणणाऱ्यांनी ऐका, बुधवारी बाग बंद असते.

शाडू आणू नका. गेल्या खेपेला तासाभराच्या उन्हात माझ्या पाणघोड्याच्या पाठीला भेगा पडल्या! प्लास्टिसिन, म्हणजे तेल-मेणात मळलेली माती आणा, ते वाळत नाही. प्राण्यांची शिल्पं करणारा शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात जनावरासमोर बसून त्यातच काम करायचा. तारेचा सांगाडा घरूनच पाटावर ठोकून आणा. लांबी वीतभर, जास्त नको.

जनावर पाण्यात गेलं म्हणून फोटो काढत बसू नका. नाकपुड्या, डोळे, कान तेवढेच वर राहतात, सगळे जवळपास एका रेषेत. ती रेषा तेव्हाच पकडा. कान मात्र जरा जाड ठेवा, फार पातळ कडेपर्यंत ब्राँझचा रस पोचत नाही. थंड होताना ब्राँझ साधारण १.५ ते २ टक्के आकसतं, हेही धरून चाला.

कटर-सुऱ्या घरी, लाकडी कोरण्या पुरेत. ओतारी एकच भट्टी लावणार आहेत, तेव्हा तुमच्या शिल्पाच्या मेणाच्या प्रती (साचा त्यांवरूनच बनतो) महिनाअखेरपर्यंत द्या.