ताई, तुम्ही मला धीर दिला नाहीत

प्रिय ताई,

आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. इथे तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

कथा लिहायची हौस होती, पण लिहिलेलं कुणाला दाखवायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. सगळे म्हणायचे, ‘अगं, जमेल तुला!’ मनापासून म्हणायचे, पण तो धीर कोरा कागद समोर येईपर्यंतच पुरायचा. तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणालात, ‘पूर्ण कथा नको. दार उघडून एक माणूस आत येतो, एवढंच लिही. पण ते संपव.’ संपवलं. मग म्हणालात, ‘आता आत आधीच कुणीतरी बसलेलं आहे.’ तेही झालं. हा काय पोरखेळ, असं तेव्हा मला वाटायचं.

पुढे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्याविषयी वाचलं आणि उलगडा झाला. ‘हे मला करता येईल’ हा विश्वास कशातून येतो, ते त्यांनी १९७७ साली मांडलं: स्वतः पार पाडलेलं काम, दुसऱ्याला ते करताना पाहणं, लोकांनी दिलेलं प्रोत्साहन आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात सगळ्यांत भक्कम पहिलं. नुसत्या प्रोत्साहनाचा जोर त्यामानाने कमी. सापाला घाबरणाऱ्या माणसांना त्यांनी समजावत बसण्याऐवजी एकेक पायरीने सापाजवळ नेलं होतं. माझा साप कागदाचा होता, इतकंच.

आणि तुमची ती वही! छापून आलेली तुमची कथा मी वाचली होती. तिचा पहिला खर्डा तुम्ही पुढ्यात ठेवलात, तर पहिला परिच्छेद आडव्या रेघांनी पार खोडलेला, समासात बाणच बाण, आणि कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात शेरा: ‘भंपक!’ मला हसू आवरेना. तुम्हाला सगळं एका झटक्यात सुचतं, ही माझी समजूत त्या पानावरच मोडली. खोडलेली पानं दाखवायला जिगर लागते, ताई. बहुतेक जण छापील तेवढंच दाखवतात.

हे सगळं लिखाणापलीकडेही कामी आलं. नोकरी सुटल्यावर मुलाखतीला गेले, तेव्हा खोलीबाहेरच हात गार पडले. जाहीर वाचनाआधी तुम्ही म्हणाला होतात, ‘माझीही छाती अजून धडधडते. धडधडू दे, तू पहिलं वाक्य वाच.’ आत गेले, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मग दुसऱ्याचं. ती नोकरी काही मिळाली नाही. पण पुढच्या मुलाखतीला कुणी ढकलावं लागलं नाही.

एक तक्रार मात्र आहे. कधीतरी तोंडभर कौतुक केलं असतंत, तर मी काही बिघडले नसते.

नवी कथा पाठवतेय. मधला भाग रेंगाळलाय असं मला वाटतं. तुम्हालाही तसंच वाटतं का, ते कळवा. घाई नाही.

तुमची,
एक विद्यार्थिनी