‘आधी लिहून ठेवा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा,

गेल्या शनिवारी माझी स्ट्रीम, म्हणजे माझ्या खेळाचं थेट प्रक्षेपण, अडीच तास चालली. संपल्यावर ओबीएसमधले, म्हणजे स्ट्रीम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले, आकडे उघडले. नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) शून्य, रेंडरिंगमध्ये (चित्र जुळवताना) हुकलेल्या ११, आणि एन्कोडिंगमध्ये (चित्र दाबून लहान करताना) सुटलेल्या शून्य. त्या शेवटच्या शून्याकडे बघत किती वेळ बसून होते कोण जाणे. डोळे भरून आले होते. या शून्याचं मोल दुसऱ्या कुणाला समजावून सांगायला गेले असते तर रात्र गेली असती. तुम्हाला सांगावं लागणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते इतरांनीही वाचावं असं वाटतं.

चार महिने माझी स्ट्रीम धड चालत नव्हती. मी शहर बांधण्याचा खेळ खेळते. सुरुवातीची वीसेक मिनिटं सगळं गुळगुळीत चालायचं. मग वस्ती वाढायची, रस्ते भरायचे, आणि प्रोसेसरचा आलेख १०० टक्क्यांना जाऊन चिकटायचा. ओबीएसच्या कोपऱ्यात एन्कोडिंगचा भार वाढल्याची सूचना यायची. माझ्या पडद्यावर खेळ चालू असायचा, माझा आवाजही जात असायचा, पण बघणाऱ्यांकडे चित्र गोठलेलं. ‘ताई, चित्र थांबलंय’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की चॅटची खिडकी उघडायची भीती वाटायला लागली. दहा-बारा माणसं नेमाने यायची. एकेक करत तीही यायची थांबली. त्यांना दोष कसा देणार?

मदत मागितली नाही असं नाही. पहिल्याने सांगितलं, प्रोसेसर बदला. कोणता आहे, हे त्याने विचारलंच नाही. दुसऱ्याने दोष इंटरनेटवर टाकला आणि माझे दोन आठवडे कनेक्शन तपासण्यात गेले. तिसऱ्याच्या सांगण्यावरून मी ओबीएसची प्रायोरिटी, म्हणजे प्रोसेसरवरचा अग्रक्रम, ‘रिअलटाइम’ केली. माउस जागचा हलेना, यंत्र बटण दाबून बंद करावं लागलं. चौथा म्हणाला, चित्र चांगलं हवं असेल तर प्रीसेट (एन्कोडिंगचा ठरलेला वेग) ‘मीडियम’ ठेवा, हार्डवेअर एन्कोडरच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरच्या, वाटेला जाऊ नका. एकाने तर सेटिंग करून देण्याचे पैसे घेतले, दहा मिनिटं पटापट काहीतरी बदललं, आणि त्यानंतर माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. त्याने काय काय बदललं हे मला आजही सांगता येणार नाही. या सगळ्यांचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. त्यांना उत्तर माहीत नव्हतं याचा राग नाही. त्यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही, याचा आहे. दोघांनी तर ‘घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा’ असं सुचवलं. यंत्र माझं, काम माझं, प्रश्न मी विचारलेला.

मग तुम्ही भेटलात. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, खेळ कोणता खेळता?’ दुसरा, ‘सुरुवातीपासून अडखळतं की नंतर?’ चार महिन्यांत हे दोन प्रश्न कुणीही विचारले नव्हते, आणि निम्मं उत्तर तर त्यांतच होतं. मग तुम्ही लॉग, म्हणजे ओबीएसने ठेवलेली नोंद, मागवलात. शेवटच्या ओळींपर्यंत वाचलात. दुसऱ्या दिवशी आलात तेव्हा मी म्हटलं, सांगा, काय काय बदलू? मी तयारच होते, बोट माउसवर होतं.

तुम्ही म्हणालात, ‘थांबा. आधी आत्ता जे आहे ते सगळं कागदावर लिहून ठेवा. मी चुकलो तर तुम्हाला परत मागे येता यायला हवं.’

दादा, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे.

तोवर जो आला तो स्वतःच्या खात्रीचं ओझं माझ्या यंत्रावर ठेवून गेला होता. त्यांतल्या कुणाच्या मनात ‘मी चुकलो तर’ हे शब्द आले असतील असं वाटत नाही. तुम्हाला त्या सगळ्यांहून जास्त कळत होतं, आणि तरी पहिली सोय तुम्ही केलीत ती तुमच्याच चुकीची. मी वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसले. एन्कोडर, प्रीसेट, बिटरेट, आउटपुटचा आकार, फ्रेमरेट, प्रत्येक सीनमधले सोर्स (पडद्यावर जुळवलेले घटक). अर्धा तास लागला. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. मध्ये एकदा मी विचारलं, ‘हेपण लिहू?’ तर तुम्ही म्हणालात, ‘लिहा, त्रास काय आहे.’ लिहिता लिहिता पहिल्यांदाच मला कळलं की माझ्याच ओबीएसमध्ये काय काय भरून ठेवलं आहे. चार ब्राउझर सोर्स (चित्रावर दाखवायची वेबपानं) होते, त्यांतले दोन मी कधीच वापरत नव्हते. पान भरलं तेव्हा ते यंत्र पुन्हा माझं झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी आता इतरांनाही सांगते. फ्रेम तीन ठिकाणी हरवते. ग्राफिक्स कार्डाला सीन जुळवायला वेळ मिळाला नाही तर रेंडरिंगमध्ये हुकते. चित्र दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरला वेळ पुरला नाही तर तिथे सुटते. आणि तयार झालेली फ्रेम वाटेत अडकली तर नेटवर्कमध्ये पडते. बघणाऱ्याला तिन्ही वेळा चित्र अडखळलेलंच दिसतं, पण तीन दुखण्यांची औषधं वेगळी. ओबीएस तिन्हींचा हिशेब वेगळा ठेवतो. माझ्या लॉगमध्ये नेटवर्कचा आकडा शून्य होता आणि एन्कोडिंगमध्ये दर तीन फ्रेमांमागे एक सुटत होती. म्हणजे ते दोन आठवडे मी ज्या इंटरनेटशी भांडत होते, त्याचा काडीचाही दोष नव्हता.

आणि तो हिशेब! १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम. एका फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त ठिपके, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख. प्रत्येक फ्रेम आवरायला १६.७ मिलिसेकंद. एक्स२६४ हा माझा एन्कोडर हे सगळं प्रोसेसरवर करतो. प्रीसेट जितका सावकाश, तितका तो चित्र दाबण्याचे जास्त मार्ग चाचपून बघतो. ओबीएस आपणहून ‘व्हेरीफास्ट’ देतो, मी मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याहून बऱ्याच सावकाश ‘मीडियम’ला बसले होते. वर माझा खेळ असा की हजारो माणसांच्या आणि गाड्यांच्या हालचालींचा हिशेब तोही प्रोसेसरवरच करतो. शहर लहान असतं तोवर दोघांना जागा पुरायची. शहर वाढलं की एकाच ताटावर दोघं जेवायला बसल्यासारखं व्हायचं. वीस मिनिटांचं कोडं हे होतं. हे कळलं तेव्हा, खरं सांगते, काही दुरुस्त व्हायच्या आधीच मला हलकं वाटलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. मीही काही बिघडवलेलं नव्हतं.

मग तुम्ही चुकलात. ब्राउझर सोर्सचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा म्हणालात, कार्डावरचा ताण कमी होईल म्हणून. ताण कमी झाला, पण ते काम सरकून प्रोसेसरवर आलं, आणि प्रोसेसरच तर आधीपासून गुदमरत होता. सुटलेल्या फ्रेम वाढल्या. मी काही लिहायच्या आतच तुमचा निरोप आला, ‘माझं चुकलं. कागद बघा, होतं तसं करा.’ मी कागद बघितला, एक खूण पुन्हा लावली, अर्ध्या मिनिटात आम्ही होतो तिथे परत. सारवासारव नाही, माझ्या यंत्रावर खापर नाही. त्या अर्ध्या मिनिटात तुमच्यावरचा माझा विश्वास दुप्पट झाला.

पुढचं सगळं एका संध्याकाळीच झालं, ते लांबवत नाही. एन्कोडिंग कार्डाकडे गेलं. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत त्यासाठी २०१२ पासून वेगळा भाग असतो, खेळ रंगवणाऱ्या भागापासून निराळा, आणि २०१८ च्या ट्युरिंग पिढीत त्याचं चित्र इतकं सुधारलं की ‘हार्डवेअरच्या वाटेला जाऊ नका’ हा सल्ला तेव्हाच जुना झाला होता. माझं कार्ड त्यानंतरचं. तो भाग इतके दिवस रिकामा बसून होता! खेळाचा फ्रेमरेट ६० वर बांधला, म्हणजे कार्ड उगाच धापा टाकणार नाही आणि ओबीएसला सीन जुळवायला थोडी जागा उरेल. नको असलेले दोन सोर्स काढले. प्रत्येक वेळी एकच बदल, मग दहा मिनिटं खेळायचं, मग आकडे बघायचे. ती दहा मिनिटं तुम्ही माझी स्ट्रीम उघडून बसायचात. बघणारे १, असा आकडा दिसायचा, आणि तो एक म्हणजे तुम्ही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर अजूनही कधीकधी ८५ टक्क्यांवर जातो. पूर्वी मी घाबरले असते. ‘प्रोसेसर कामासाठीच आहे, करू द्या त्याला काम. तुम्ही सुटलेल्या फ्रेम मोजा,’ असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हापासून मी त्या आलेखाकडे बघणं सोडून दिलं.

मी विचार करते, तुम्हाला यातून काय मिळालं? पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाहीत. पण मग हेही आठवतं की ज्या ओबीएसवर मी रोज बसते तो २०१२ पासून असाच फुकट आणि मुक्त आहे, एक्स२६४ सुद्धा मुक्तच आहे. कुणीतरी रात्री जागून लिहिलं, तपासलं आणि आपल्यासमोर ठेवून दिलं. मी ज्याला नुसतं सॉफ्टवेअर समजत होते, त्याच्यामागे तुमच्यासारखी माणसं आहेत. चार महिने मला वाटत होतं की या दुनियेत सगळे आपापल्या तोऱ्यातच बोलतात. तसं नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं, आणि हे कळणं मला त्या शून्याइतकंच मोलाचं आहे.

जुन्या बघणाऱ्यांपैकी सातजण परत आलेत. एका मुलीने परवा तिच्या स्ट्रीमचं असंच रडगाणं सांगितलं. मी तिला सर्वात आधी कागद घ्यायला लावला.

तुमचा तो कागद, म्हणजे माझाच, पडद्याशेजारी चिकटवलेला आहे. त्याच्या मागच्या बाजूला आता नवी सेटिंग लिहिली आहेत. आणि शनिवारी त्या अडीच तासांत नदीवरचा मोठा पूल पूर्ण झाला. ज्या पुलाच्या वेळी दरवेळी चित्र गोठायचं, तोच. खेळात पुलाला नाव देता येतं. तुमचं नाव माहीत नाही, म्हणून सध्या नुसतं ‘दादांचा पूल’ असं लिहून ठेवलं आहे. कळवलंत तर बदलेन.

तुमची,
शहर बांधणारी ताई