यांचं ते ‘बरं’

प्रिय मंदे,

किती महिन्यांत ओळ नाही म्हणून शिव्या देणार असशील, त्या पोचल्या असं समज. तब्येत ठीक, गुडघे कुरकुरतात, सोड.

दुसऱ्या कुणाला सांगू? गर्भाशयमुखाची तपासणी केली, एचपीव्ही, म्हणजे तिथं कॅन्सर करू शकणारा विषाणू, पॉझिटिव्ह निघाला. त्याच्या प्रकारांतला 16 नंबरचा, म्हणजे त्यातला नामचीन गुंड. हा आणि 18 मिळून गर्भाशयमुखाच्या दहातल्या सात कॅन्सरचे धनी. लगेच गळा काढू नकोस, मला कॅन्सर झाला असा याचा अर्थ नाही. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघताना पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं, तर एक ठिपका पांढरा उमटला. स्क्रीनवर मलाही दाखवला. कणभर तुकडा बायोप्सीला गेलाय. पेशी बिघडायला लागल्या असल्या तर तेवढाच भाग काढता येतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत बहुधा 15-20 वर्षं जातात, म्हणे.

खरी धास्ती वेगळीच आहे. यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, “हा येतो कुठून?” संबंधातून येतो हे त्यांना ठाऊक नाही होय! मी सांगितलं, बहुतेकांना कधी ना कधी होतो, बऱ्याच जणांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो, एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून, कधी आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. “बरं,” म्हणाले. मंदे, ते ‘बरं’ जिरत नाहीये गं. तोच प्रश्न मलाही त्यांना विचारावासा वाटला, पण गिळला. तू असतीस तर चारचौघांत विचारून मोकळी झाली असतीस, सुमीच्या लग्नात केलंस तसं. (ते भांडण मिटलेलं नाही, लक्षात असू दे.)

चिमीला या विषाणूची लस द्यायची ठरवलीय. 9 ते 14 वर्षांत, संसर्गाचा प्रश्नच नसताना दिली की सगळ्यांत जास्त लागू पडते. यावर आमच्या वन्सं, “एवढ्याशा पोरीला असली लस?” म्हटलं, गोवराची लस गोवर उठल्यावर टोचतात का? तेव्हापासून अबोला. तेवढीच शांतता! लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकत नाही, कारण विषाणूचे सगळे प्रकार तिच्यात नसतात. पण हे वन्संना आत्ताच सांगितलं तर “मग कशाला टोचायची?” सुरू होईल.

तू केलीस का तपासणी? “मला काही त्रास नाही” हे ऐकवू नकोस, मलाही नव्हता.

तुझ्या बदलीचं काय झालं? भाऊजींचा खोकला? धाकट्याला आशीर्वाद. बायोप्सीचा रिपोर्ट आला की कळवते. फोन नको करूस, इथं भिंतींना कान आहेत आणि ते वन्संचे आहेत.

तुझीच,
शकू