सर, तुम्ही पुस्तकाबाहेरचं शिकवलंत म्हणून

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्याने जन्मणाऱ्या चेतापेशींवर मी आज संशोधन करते, ते तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायचं राहून गेलं होतं.

जन्मानंतर चेतापेशी नव्याने तयार होत नाहीत, ही पुस्तकातली ओळ आम्ही पाठ केली होती. तुम्ही ती वाचलीत आणि फळ्यावर दोन नावं लिहिलीत : जोसेफ ऑल्टमन, गोपाल दास. १९६५ चा त्यांचा प्रयोग तुम्ही तासभर समजावलात. उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, टोचायचं. विभाजनाआधी पेशी नवा डीएनए बनवते तेव्हा ते त्यात जाऊन बसतं, आणि मेंदूच्या कापावर लावलेल्या फोटोग्राफिक इमल्शनमध्ये त्या पेशीवर काळे ठिपके उमटतात. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी जोडलेल्या भागात, ते उमटले. तरी ऑल्टमन यांचं म्हणणं कितीतरी वर्षं बाजूलाच पडलं, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

पुढे १९९८ मध्ये एरिक्सन आणि गेज या शास्त्रज्ञांना माणसातही तशा पेशी दिसल्या. ब्रोमोडीऑक्सियुरिडीन, म्हणजे थायमिडीनसारखंच नव्या डीएनएत बसणारं रसायन, दिलेल्या कर्करुग्णांचे मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासले होते. पण उंदरात दिसलं ते सगळं माणसाला लावू नका, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. म्हणून २०१८ मध्ये एका गटाला प्रौढ माणसात अशा पेशी सापडल्या नाहीत आणि लगेच दुसऱ्या गटाला वृद्धांतही सापडल्या, तेव्हा मी गोंधळले नाही. दोघांनी ऊतक कसं जतन केलं, नव्या पेशी ओळखायला कोणत्या खुणा वापरल्या, हे आधी वाचायला बसले.

मायक्रोटोमवर, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतकाचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, मेणाची फीत न तुटता काढायला तुम्हीच शिकवलंत, शनिवारी दुपारी, प्रयोगशाळा खास उघडून. आणि एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी आलात. बाबा यंत्रमागावरून उठून आले. त्यांना वाटत होतं, बीएड करावं, इथेच नोकरी बघावी. तुम्ही त्यांच्याशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोललात. बाबांनी ऐकलं ते बहुधा त्या तेलुगूमुळेच. फॉर्मचे पैसे तुम्ही भरलेत. परत द्यायला आले तर घेतले नाहीत.

दिवाळीला सोलापुरात येतेय. डबलकॉर्टिन या कोवळ्या चेतापेशींतल्या प्रथिनाच्या खुणेने रंगवलेल्या पेशींचे फोटो घेऊन घरी येईन. माझ्या मोजणीत काही खटकलं तर मोकळेपणाने सांगा.

तुमची विद्यार्थिनी