कान जपणाऱ्या अनाम हातांचे आभार

डोकं-मानेच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू होण्याआधीच पेशंटला साउंडप्रूफ खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढून ठेवणाऱ्यांनो, मनापासून आभार. ही पहिली नोंद नसेल तर नंतर ऐकणं किती कमी झालं हे कशावरून ठरवायचं? सोबत सिस्प्लाटिन हे केमोचं औषध असेल तर बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. ‘साठ’मधला ‘स’ निसटतो, ‘आठ’ ऐकू येतं. आवाज पोचतो, शब्द लागत नाही.

प्लॅनिंगच्या सीटीवर, हाडं ठळक दाखवणाऱ्या विंडोत, तो इवलासा कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा शंख, दोन्ही बाजूंनी आखणाऱ्यांचे ऋण फार मोठे. त्याला मिळणारा सरासरी डोस ४५ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) आत, जमलं तर ३५च्या आत यावा म्हणून तुम्ही प्लॅन पुन्हा पुन्हा चालवता. गाठ अगदी लगत असेल तर आधी गाठ, हेही घरच्यांना स्पष्ट सांगता. आणि मोल्ड रूममधल्या मंडळींनो, डोकं हलू नये म्हणून तुम्ही बनवलेला मास्क सैल झाला की ही सगळी आखणी सरकते. तुम्ही तो वेळेत बदलता.

कान आणि घसा जोडणारी युस्टेशियन नळी सुजून पडद्यामागे पाणी साचलं, तर कमी ऐकू येणं नस गेल्यामुळे नाही हे ट्यूनिंग फोर्कने (नादकाट्याने) ओळखणाऱ्यांचे, आणि ग्रोमेटची, म्हणजे पडद्यात बसवायच्या बारीक नळीची, घाई न करणाऱ्यांचेही आभार. रेडिएशन झालेला कान मग वाहतच राहू शकतो.

श्रवणयंत्राचा साचा टोचतो म्हटल्यावर कडा घासून, मऊ सिलिकॉनचा नवा करून देणाऱ्यांनो, त्या कानातली कातडी पातळ झालेली असते हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.